जुन्या फर्निचरचे दुकान : दुरुस्ती किती करावी आणि कुठे थांबावे?

जुनेसागवान (धागाकर्ता), नागपूर

महालातला किंवा इतवारीतला एखादा वाडा पाडायचे ठरले, की आधी भांडी वाटली जातात, मग दागिन्यांचा हिशेब होतो, आणि सर्वांत शेवटी, जागा मोकळी करून द्यायच्या आठवड्यात, घरच्यांना माजघरातल्या आलमारीची, बंगईची (झोपाळ्याची) आणि घडवंचीची आठवण होते. त्या आठवड्यात मला फोन येतो. नागपुरात जुन्या लाकडी सामानाचे दुकान मी बरीच वर्षे चालवत आहे. येथे अनेकांनी या व्यवसायाविषयी विचारले होते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मुख्यतः मला एका प्रश्नावर बोलायचे आहे, ज्यावर माझे ग्राहक, माझे मिस्त्री आणि मी यांच्यात जवळजवळ रोज चर्चा होते: जुन्या वस्तूची दुरुस्ती किती करावी आणि कुठे थांबावे?

माझे मत आधीच सांगतो. वस्तू न डगमगता उभी राहावी, दार नीट मिटावे, खण सुरळीत सरकावा आणि कीड थांबावी, एवढ्यासाठी जे लागेल ते सगळे करावे. त्यापुढे तिला नवीन दिसायला लावू नये. आणि जे काही केले, ते ग्राहकाला बिलावर लिहून द्यावे.

नागपुरात चांगले जुने सामान का सापडते, हे समजून घेण्यासाठी शहराचा इतिहास पाहावा लागतो. भोसल्यांच्या काळातले वाडे ही एक बाजू झाली. १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी येथे आली आणि सिव्हिल लाइन्समध्ये बंगले उभे राहिले; १८६७ मध्ये मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे पोहोचली; पुढे १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. १९५६ पर्यंत हे राजधानीचे शहर होते. साहेबांचे बंगले, कचेऱ्या, वकिलांची आणि डॉक्टरांची घरे, रेल्वेचे विश्रामकक्ष या सगळ्यांना मेज, खुर्च्या, पुस्तकांच्या आलमाऱ्या आणि लांब हातांच्या आरामखुर्च्या लागत होत्या, आणि चांदा (आजचे चंद्रपूर) व आलापल्लीच्या जंगलांचे सागवान जवळच होते. म्हणूनच प्रत्येक जुन्या वस्तूला ‘बर्मा टीक’ म्हणण्याची जी सवय बाजाराला लागली आहे, ती मला खटकते. ब्रह्मदेशाचे सागवान मुंबई आणि कलकत्त्याच्या बंदरांत उतरत असे, त्यातले काही येथेही आले असेल. परंतु आपल्याकडच्या वस्तूंपैकी पुष्कळशा विदर्भाच्याच जंगलातल्या आहेत. हे सागवान रंगाने अधिक गडद, रेषांनी देखणे आणि टिकाऊ असते. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातूनच लाकूड गेले. तेव्हा आजोबांची आलमारी चांद्याच्या सागाची निघाली, तर तिचे मोल कमी होत नाही.

दिवसाची सुरुवात झाडपूस आणि पाहणीने होते. नव्याने आलेली प्रत्येक वस्तू आधी वेगळ्या खोलीत राहते. तिच्या पायांखाली काळा कागद अंथरतो आणि काही दिवस रोज सकाळी तो पाहतो. कागदावर पिठासारखी पिवळट भुकटी पडलेली दिसली, तर आत भुंगेरा जिवंत आहे असे समजावे. छिद्रे आहेत पण कागद कोरा आहे, तर बहुधा ती जुनी, सोडून दिलेली घरे असतात. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, पण कडेचे पांढरे लाकूड तिला फार आवडते, आणि जुन्या सुतारांनी ते पाठीमागच्या फळ्यांना आणि खणांच्या तळांना वापरलेले असते. म्हणून वस्तू पाहताना पुढची नक्षी शेवटी पाहावी. आधी ती उलटी करावी, खण बाहेर काढावेत, पाठ पाहावी.

पाठीमागे बरेच काही लिहिलेले असते. हाताच्या आऱ्याने चिरलेल्या फळीवर सरळ, कमीजास्त अंतराच्या खुणा दिसतात, तर यंत्राच्या गोल करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळतात. अधिकचिन्हाची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आला, त्यामुळे तो ‘१८८० च्या’ मेजात दिसला तर निदान तो भाग तरी नंतरचा आहे. गोल मेजाची सर्वांत खात्रीची परीक्षा टेपने होते. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडवे मात्र आकसते, त्यामुळे शंभर वर्षांनी गोल मेज किंचित अंडाकृती होते. तीन फुटांच्या मेजावर दोन दिशांच्या मापांत दोन-तीन सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक मिळाला, तर माझा विश्वास बसतो. दोन्हीकडे काटेकोर सारखे माप भरले, तर मी अधिक प्रश्न विचारतो, कारण जोधपूरकडून आंब्याच्या आणि शिसमच्या लाकडाच्या, जुन्या दिसणाऱ्या उत्तम नकला सर्वत्र जातात. नक्कल म्हणून विकली तर ती प्रामाणिक वस्तू आहे.

खरेदी हा या व्यवसायाचा सर्वांत जड भाग आहे. घरातल्या एकाच भावाने बोलावले असेल, तर मी केवळ पाहून येतो. सर्व भावंडांना माहीत असल्याशिवाय, आणि विशेषतः बहिणींना विचारल्याशिवाय, मी वस्तू उचलत नाही. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर तेराव्यानंतरही काही काळ थांबायला सांगतो. यात माझे काही व्यवहार हातचे जातात आणि ते जाऊ द्यावेत असेच मला वाटते. किंमत ठरवताना मी माझा हिशेब समोर मांडतो: या स्थितीत वस्तू किती, तिच्यावर मिस्त्रीचे आणि पॉलिशचे काम किती, वाहतूक किती, आणि दुकानात ती किती काळ पडून राहील याचा अंदाज.

आता आपले अनुभव आणि मते अवश्य लिहावीत.

महालकर

काकाजी, नमस्कार. अतिशय उपयुक्त धागा आहे. आमच्याकडे पणजोबांची शिसवी लिहिण्याची पेटी आणि एक मोठी आलमारी आहे. दोन्ही काळवंडल्या आहेत. ज्या कारागिराला दाखवल्या, त्याने सगळे घासून पीयूचा (पॉलियुरेथेन या कृत्रिम वार्निशचा) चकचकीत थर द्यावा असे सुचवले आणि वीस वर्षे पाहावे लागणार नाही अशी खात्री दिली. करावे का? आणि जुने पॉलिश कोणते आहे हे घरच्या घरी ओळखता येते का?

जुनेसागवान

घासू देऊ नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

ओळखणे सोपे आहे. आतल्या बाजूला, जिथे सहज दिसणार नाही अशा ठिकाणी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा क्षणभर टेकवा. थर चिकट होऊन बोळ्याला तपकिरी रंग आला, तर ते चपड्याचे, म्हणजे लाखेचे पॉलिश आहे. लाख पळस, कुसुम आणि बोर या झाडांवर घेतली जाते. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून मलमलीच्या पोटळीने, गोल गोल हात फिरवत, पातळ थरांवर थर देऊन हे पॉलिश चढवतात. त्याचा मोठा गुण असा, की ते पुन्हा विरघळते. म्हणजे ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी नवे पॉलिश जुन्यात मिसळते. पीयूचा थर तसा मिसळत नाही. तो खराब झाला की पुन्हा सगळे घासण्याशिवाय उपाय उरत नाही, आणि प्रत्येक घासणीत नक्षीच्या धारा बोथट होतात.

काळवंडणे हे बहुतेक वेळा पॉलिशवर बसलेल्या धुराचे, तेलाचे आणि जुन्या मेणाचे थर असतात. मऊ कापडावर थोडे टर्पेंटाइन घेऊन एका कोपऱ्यात हलक्या हाताने पुसून पाहा. खालून तांबूस-काळी शिसवी रेषा वर आली, तर तेवढेच पुरे. मग स्वच्छ मेणाचा पातळ हात द्यावा.

हाच नियम सांध्यांनाही लागू होतो. जुने सांधे सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाने, जोडलेले असतात. सरस ऊब आणि ओलाव्याने सुटतो, म्हणून खुर्चीचा पाय डुगडुगला तर सांधा उघडून, साफ करून, पुन्हा सरसानेच बसवता येतो. आजचा पांढरा गोंद घातला की तो सांधा पुढच्या मिस्त्रीला लाकूड न फोडता सहसा उघडता येत नाही. खिळा मारणे तर याहून वाईट, कारण लाकूड आकसते-फुगते, खिळा जागचा हलत नाही आणि फळी त्या रेषेत चिरते.

अभियंता_धरमपेठ

लेख आवडला, तरी मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. मी आपल्यासारख्याच एका दुकानातून जुने जेवणाचे मेज घेतले. ते संग्रहालयात ठेवायचे नसून त्यावर मुले अभ्यास करतात, गरम भांडी ठेवली जातात आणि पाणी सांडते. चपड्यावर गरम ताटली ठेवली की पांढरा डाग पडतो. अशा घरासाठी पक्का थर देणे हीच खरी दुरुस्ती नव्हे काय? वस्तू वापरली गेली तरच ती टिकते. जुनेपणाच्या आदरापोटी ती अडगळीत गेली, तर त्या आदराचा उपयोग काय?

जुनेसागवान

आपला मुद्दा वजनदार आहे आणि वापराविषयी मी आपल्याच बाजूचा आहे. न वापरलेली आलमारी लवकर वाळवीच्या तोंडी जाते, हे मी वाड्यांमध्ये नेहमी पाहतो.

मी फरक करतो तो असा. आपल्या मेजाचा वरचा पृष्ठभाग जर आधीच कोणी तरी घासून रंगवलेला असेल, तर त्यावर पक्का थर द्यायला माझी हरकत नाही. तेथे राखण्यासारखे मूळ काही उरलेले नाही. परंतु मूळ चपडा शाबूत असेल, तर मापाची काच किंवा जाड नमदा टाकून मुलांना खुशाल अभ्यासाला बसवावे. काच टाकताना चार कोपऱ्यांत आणि मध्ये पातळ गोल चकत्या ठेवाव्यात, म्हणजे हवा खेळती राहते आणि काच पॉलिशला चिकटत नाही. ग्राहक एवढे ऐकूनही पक्का थरच मागत असेल, तर वस्तू त्याची आहे. मी काम करून देतो आणि बिलावर ‘मूळ चपडा पॉलिश काढून नवा थर दिला’ असे लिहितो, जेणेकरून उद्या ती वस्तू तिसऱ्याच्या हातात गेली तरी त्याची फसवणूक होणार नाही.

वैनगंगा

माझा प्रश्न नागपूरच्या घराघरातला आहे. उन्हाळ्यात कूलर लावल्यापासून आलमारीचे दार मिटत नाही, आणि पॉलिशवर दुधाळ डाग आले आहेत. थंडीत तेच दार सैल होते. सुतार म्हणतात, दाराची कड रंध्याने उतरवून टाकू. उतरवू द्यावी का?

जुनेसागवान

ताई, कड उतरवू देऊ नका. हा प्रश्न या शहरातल्या सामानाचा सर्वांत मोठा शत्रू दाखवणारा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा इतकी कोरडी होते की लाकूड आतून पाणी सोडते. त्याच वेळी खोलीत कूलर सुरू होतो आणि त्याच्या वाऱ्यात समोरची वस्तू दिवसभर दमट हवेखाली राहते. म्हणजे आलमारीचे एक दार फुगते, भिंतीकडची पाठ कोरडीच राहते आणि चौकट पिळली जाते. पाऊस आला की सगळेच फुगते. मग नोव्हेंबरपासून पुन्हा आकसते. जुन्या सुतारांना हे ठाऊक होते. दाराच्या मधली फळी ते चौकटीच्या खाचेत सुटी ठेवत, तिला गोंद लावत नसत, म्हणजे ती आतल्या आत हलू शकते. नंतरच्या कोणी ती फळी ‘पक्की’ करण्यासाठी गोंदाने भरली असेल, तर ती मधोमध चिरते. अशा चिरा घेऊन आलेली दारे माझ्याकडे सतत येत असतात.

म्हणून आधी आलमारी कूलरच्या सरळ वाऱ्यातून बाजूला करा आणि भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. पाय फरशी पुसताना ओले होतात, त्यांच्याखाली पातळ ठोकळे द्या. मग पाऊसकाळ आणि थंडी जाऊ द्या. वर्षभरानंतरही दार अडत असेल, तर आधी बिजागरी तपासावी. पुष्कळदा दोष झिजलेल्या बिजागरीचा असतो आणि शिक्षा दाराला होते. दुधाळ डाग चपड्यात शिरलेल्या ओलाव्याचे आहेत. हवा कोरडी झाली की त्यातले काही आपोआप जातात, उरलेले चांगला पॉलिशवाला स्पिरिटने नुसत्या ओलसर केलेल्या पोटळीचा एक झपाट्याचा हात फिरवून काढतो. हे काम घरी करू नये, कारण पोटळी एका जागी क्षणभर थांबली तरी तेथले पॉलिश निघून येते.

करसल्लागार_सीताबर्डी

धाग्यात कायद्याची बाजू यावी म्हणून लिहितो. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुनी असलेली कलाकुसरीची वस्तू, तसेच इमारतीतून काढलेला तितकाच जुना भाग, पुरावशेष ठरू शकतो. वाड्याचे कोरीव खांब, तुळया आणि दरवाजे यांचा व्यवहार करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. पुरावशेषांचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो आणि परवानाधारकाला नोंदी व छायाचित्रे ठेवावी लागतात. कोरीव लाकडी मूर्तिशिल्पांची नोंदणी हा वेगळा विषय आहे आणि तो घरच्या मालकालाही लागू होतो. हस्तिदंताची जडावाची वस्तू असेल, तर ती विकण्याचा विचारही करू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो व्यापार बंद आहे.

जीएसटीबाबत जुन्या मालाच्या दुकानदारांसाठी एक तरतूद उपयोगी आहे. घरगुती विक्रेत्याकडून घेतलेली वापरलेली वस्तू पुन्हा विकताना, खरेदीवरच्या कराची वजावट घेतली नसेल, तर कर खरेदी आणि विक्री किमतींतल्या फरकावर आकारता येतो. मात्र त्या नियमात अट आहे, की वस्तूवर किरकोळ प्रक्रियाच झालेली असावी आणि तिचे स्वरूप बदललेले नसावे. जुन्या पलंगाचे खांब कापून दिवे केले, तर ही सवलत मिळेल असे गृहीत धरू नये.

जुनेसागवान

मनःपूर्वक आभार. शेवटचे उदाहरण दुर्दैवाने काल्पनिक नाही. मच्छरदाणीच्या दांड्यांचे सुंदर खरादी पलंग आज कोणाच्या खोलीत मावत नाहीत, म्हणून ते कापण्याची मागणी वारंवार येते. मी कापत नाही. असे पलंग स्क्रूने आणि खुंट्यांनी पूर्ण सुटे होतात. ते बांधून, प्रत्येक भागावर खूण करून ठेवावेत, असे मी सुचवतो, आणि जागा नसेल तर माझ्याकडे ठेवून घेतो.

पळसबन

माझ्याकडे वाकवलेल्या लाकडाची, वेताच्या बैठकीची खुर्ची आहे, इराणी हॉटेलात असते तशी. बैठक फाटली आहे. प्लायवूड ठोकून घ्यावे का?

जुनेसागवान

प्लायवूड ठोकू नये. या घाटाचे मूळ व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांच्या १८५९ च्या चौदा क्रमांकाच्या खुर्चीत आहे. बीच लाकूड वाफेने वाकवून केलेली ती खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यावर उभी राहत असे आणि सुटी करून पेटीत भरून जगभर पाठवली जात असे. त्या घाटाच्या नकला पुष्कळ झाल्या, म्हणून बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला चिठ्ठी किंवा ठसा आहे का ते पाहा आणि तो पुसू नका. कड्याला ओळीने छिद्रे असतील, तर वेत हाताने पुन्हा विणता येतो. विणणारे कमी झाले आहेत, पण आहेत, आणि त्यांना काम मिळत राहिले तरच राहतील. वेत भिजवून विणतात, वाळताना तो ताणला जातो, म्हणून विणल्यावर दोन दिवस बसू नये. बीचला भुंगेरा लवकर लागतो, तेव्हा काळ्या कागदाची परीक्षा अवश्य करा. भुकटी दिसली तर छिद्रांत सुईने कीडनाशक भरून घ्या.

दूरदेशी

काकाजी, मी परदेशात असतो. घर धरमपेठेत आहे आणि ते पुढच्या वर्षी रिकामे करायचे आहे. आजीची पितळी पट्ट्यांची संदूक माझ्याकडे आणायची फार इच्छा आहे. बाकीचे सामान विकायचे आहे. कसे करावे?

जुनेसागवान

संदूक शंभर वर्षांची असेल, तर खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. ती त्याहून नवी आहे असे वाटत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे अर्ज करून, तज्ज्ञांच्या तपासणीनंतर, ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. लाकूड शिसवी असेल, तर त्या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आहेत, त्याची चौकशी माल पाठवणाऱ्या एजंटकडे आधीच करावी. दाखला मिळाला नाही, तर संदूक नात्यातल्या कोणाकडे तरी राहू द्या, विकू नका.

बाकीच्या सामानासाठी, घर रिकामे करण्याच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. आत्ताच घरातल्या कोणाला तरी दिवसाच्या उजेडात छायाचित्रे काढायला सांगा: प्रत्येक वस्तूचे पुढून एक, पाठीचे एक, उलटी करून तळाचे एक, आणि प्रत्येक खण बाहेर काढून त्याच्या सांध्याचे एक. कुठे ठसा, चिठ्ठी, खडूचा आकडा असेल तर जवळून घ्या आणि धूळ पुसू नका. वस्तू कोणी, कुठून आणि केव्हा घेतली याविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांना जे आठवते, ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. तो कागद वस्तूसोबत पुढे गेला पाहिजे. विकण्यापूर्वी पॉलिश करून घेऊ नका. निदान दोन दुकानदारांना दाखवा, आणि भावंडांची संमती मिळाली की मला कळवा. उन्हाळ्यात दुपारी दुकान बंद असते, त्यामुळे घरच्यांनी सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर यावे.